अ‍ॅन्सिबलने फाइल पाठवताना : वाचकांचे प्रश्न

नाशिक आणि आसपासच्या वाचकांचे या अंकासाठी निवडलेले चारही प्रश्न अ‍ॅन्सिबलने, म्हणजे एका मशीनवरून अनेक सर्व्हरची कामं करून घेणाऱ्या साधनाने, फाइल कॉपी करण्याबद्दलचे आहेत. मॉड्यूल (एकेका कामाचा तयार भाग) आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. प्लेबुकमध्ये (टास्क म्हणजे कामं लिहिलेल्या फाइलमध्ये) नावं आणि आकडे इंग्रजीतच लिहा.

प्रश्न : सातपूरच्या आमच्या कारखान्यात १२ लिनक्स सर्व्हर आहेत. सर्व्हरवरची एक कॉन्फिग फाइल त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायची आहे. फाइल तिथे आहे, तरी कॉपी मॉड्यूल ती सापडत नाही म्हणतं.

उत्तर : 'एसआरसी'मध्ये (मूळ फाइलचा पत्ता) दिलेली फाइल कॉपी मॉड्यूल कंट्रोल मशीनवर, म्हणजे अ‍ॅन्सिबल जिथून चालवता तिथे, शोधतं, सर्व्हरवर नाही. टास्कमध्ये 'रिमोट_एसआरसी: ट्रू' ही ओळ घाला. त्यानंतरही टास्क अडला तर 'डेस्ट'चा (फाइल जिथे ठेवायची तो पत्ता) फोल्डर अस्तित्वात आहे का ते बघा. एकाच फाइलचा पूर्ण पत्ता दिला असेल तर वरचा फोल्डर कॉपी मॉड्यूल स्वतः तयार करत नाही, तो आधीच्या टास्कमध्ये फाइल मॉड्यूलने करून घ्यावा लागतो.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधल्या सर्व्हरवर रोज सुमारे ९,००० छोट्या पीडीएफ आणि फोटो नाशिकच्या ऑफिसातून पाठवतो. कॉपी मॉड्यूलला तास-दीड तास लागतो. बदललेल्या फाइल तर जेमतेम पन्नास असतात. लाइन वाढवून घ्यावी का?

उत्तर : लाइनवर पैसे घालू नका. कॉपी मॉड्यूल फोल्डरमधली प्रत्येक फाइल वेगळी हाताळतं. आधी सर्व्हरवरच्या फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) विचारायचा, तो आपल्या चेकसमशी ताडायचा, फरक असेल तर फाइल पाठवायची आणि शेवटी परवानग्या तपासायच्या. फाइल बदललेली नसली तरी तपासणीची ये-जा चुकत नाही. एका फाइलमागे अर्धा सेकंद धरला तरी ९,००० फाइलींना सव्वा तास होतो. शेकड्यांच्या पुढे फाइली गेल्या की हे मॉड्यूल वापरूच नये.

तुमच्या कामाला सिंक्रोनाइझ मॉड्यूल योग्य आहे. ते आरसिंक हा फाइली जुळवून पाठवणारा प्रोग्राम चालवतं, म्हणजे सगळी यादी एकाच जोडणीत ताडली जाते आणि बदललेलं तेवढंच जातं. हे मॉड्यूल 'अ‍ॅन्सिबल डॉट पोझिक्स' या कलेक्शनमध्ये (मॉड्यूलच्या संचात) आहे. तुम्ही फक्त अ‍ॅन्सिबल-कोअर (नुसता मूळ भाग) बसवलं असेल तर ते कलेक्शन गॅलेक्सीच्या (कलेक्शन उतरवून घेण्याच्या) आज्ञेने वेगळं घ्या. आरसिंक मात्र दोन्ही मशीनवर हवं, हे बरेचदा राहून जातं. 'बिकम' (दुसऱ्या युजरच्या अधिकाराने काम करणं) वापरत असाल तर त्या सर्व्हरवर सुडो (तो अधिकार देणारी आज्ञा) पासवर्डशिवाय चालायला हवं, कारण हे मॉड्यूल तिथे सुडोचा पासवर्ड देऊ शकत नाही. फाइलींचा मालक आणि ग्रुप मूळ मशीनप्रमाणे जायला नको असेल तर 'ओनर: नो' आणि 'ग्रुप: नो' लिहा.

आता तिरक्या रेघेकडे नीट लक्ष द्या. 'एसआरसी'च्या शेवटी रेघ असेल तर फोल्डरमधला मजकूर जातो. रेघ नसेल तर फोल्डरच जातो आणि तिकडे फोल्डरात फोल्डर तयार होतो. 'डिलीट: येस' (मूळ फोल्डरमध्ये नसलेल्या फाइली तिकडून पुसणारा पर्याय) लावलं असताना चुकून रिकामा फोल्डर 'एसआरसी' म्हणून दिला, तर पॅकहाउसकडची सगळी कागदपत्रं पुसली जातील. म्हणून पहिल्यांदा '--चेक --डिफ' लावून चालवा आणि काय पुसलं जाणार आहे ती यादी वाचा. आम्ही तर 'डिलीट' सुरुवातीला लावूच नका असं सांगू.

प्रश्न : फाइलच्या परवानग्यांसाठी 'मोड: ६४४' दिलं. टास्क हिरवा झाला, पण ज्या युजरच्या नावाने आमचा प्रोग्राम चालतो त्यालाच फाइल वाचता येत नाही.

उत्तर : तुम्ही ६४४ हा साधा दशमान आकडा दिलात. परवानग्या अष्टमानात (आठच्या पायाच्या पद्धतीत) वाचल्या जातात, आणि त्यात तो १२०४ होतो. म्हणजे मालकाला फक्त लिहिण्याची परवानगी, ग्रुपला काहीच नाही, इतरांना वाचण्याची, आणि वर स्टिकी बिट ही जास्तीची विशेष परवानगी. 'एलएस -एल' केलंत तर परवानग्यांच्या शेवटी मोठा 'टी' दिसेल, तीच याची खूण. अवतरणचिन्हांत '०६४४' लिहा. पुढचं शून्य आणि अवतरणचिन्हं दोन्ही ठेवा.

प्रश्न : डेटाबेसच्या युजरने काम करायचं म्हणून 'बिकम_युजर: पोस्टग्रेस' दिलं, तर तात्पुरत्या फाइलींच्या परवानग्या बदलता आल्या नाहीत असा संदेश येतो. दुसऱ्या एका सर्व्हरवर ४० जीबीची बॅकअप फाइल पाठवताना डिस्क भरल्याचा संदेश येतो, तिथे डेटा डिस्क अर्धी रिकामी आहे.

उत्तर : दोन्हींचं मूळ तात्पुरत्या फोल्डरमध्ये आहे. अ‍ॅन्सिबल फाइल आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये, एरवी लॉगिन युजरच्या होम फोल्डरमधल्या '.अ‍ॅन्सिबल/टीएमपी'मध्ये, उतरवतं आणि मग जागेवर हलवतं. लॉगिन एका साध्या युजरचं आणि काम दुसऱ्या साध्या युजरचं असेल, तर त्या दुसऱ्याला ही फाइल वाचायला द्यावी लागते, आणि ते 'सेटएफएसीएल' या आज्ञेने होतं. सर्व्हरवर ती आज्ञा देणारं 'एसीएल' हे पॅकेज बसवा, बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं. पाइपलायनिंग (तात्पुरती फाइल न उतरवता काम थेट पाठवणं) सुरू करण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल, पण कॉपी आणि टेम्प्लेट या मॉड्यूलना त्याचा उपयोग नाही, कारण त्यांना फाइल पाठवावीच लागते.

४० जीबीच्या फाइलीसाठी, होम फोल्डर ज्या डिस्कवर आहे तिथे जागा कमी पडते. त्या सर्व्हरसाठी 'अ‍ॅन्सिबल_रिमोट_टीएमपी' हे व्हेरिएबल डेटा डिस्कवरच्या फोल्डरकडे वळवा. तात्पुरती फाइल आणि अंतिम जागा एकाच फाइलसिस्टमवर आली की शेवटचं हलवणं म्हणजे नुसतं नाव बदलणं, ते क्षणात होतं. वेगवेगळ्या फाइलसिस्टमवर असतील तर पूर्ण फाइल पुन्हा एकदा लिहिली जाते. जुनी बॅकअप फाइल त्याच नावाने तिथे असेल तर नवी जागेवर येईपर्यंत दोन्ही राहतात, म्हणून ८० जीबीचा हिशोब धरा.