नाडीच लागत नाही, मग चालवायचं किती?

"नाडी लागूनच नाही राहिली, मॅडम. मग यांना चालवू कशी?"

अकोल्याच्या एका काकूंचा हा प्रश्न. काका साठीचे, एसटीतून निवृत्त झालेले. चेन्नईत हृदयाला एलव्हॅड, म्हणजे दमलेल्या डाव्या कप्प्याला रक्त ढकलायला मदत करणारा पंप, बसवून तीन महिने झाले होते. जखम भरलेली, रिपोर्ट ठीक, तरी काका दिवसभर पलंगावर. ते उठले की काकू धावत यायच्या आणि खांद्याला धरून बसवायच्या. डिस्चार्जच्या कागदावर 'हालचाल हळूहळू वाढवा' एवढंच लिहिलेलं होतं.

काकूंची भीती वेडगळ नव्हती. हार्टमेट ३ सारखा पंप रक्त अखंड ढकलत राहतो. त्यामुळे मनगटावर नाडी बहुधा लागत नाही, घरचं बीपीचं यंत्र 'एरर' दाखवतं आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही अनेकदा दगा देतो. दाब मोजायचा तर हाताला पट्टा बांधून डॉप्लर (रक्ताच्या वाहण्याचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र) लावावा लागतो, आणि मिळतो तो सरासरी दाबाचा एकच आकडा.

'चालले की पंपावर लोड येईल' ही समजूत मात्र चुकीची. पंपाचे फेरे डॉक्टरांनी ठरवून दिलेले असतात, बहुतेकांचे मिनिटाला ५,००० ते ६,००० च्या दरम्यान. माणूस झोपला काय, जिना चढला काय, फेरे तेवढेच. पंप दमत नाही, पण गरज वाढली म्हणून आपणहून वेगही वाढवत नाही. शिवाय तो फक्त डाव्या कप्प्याला मदत करतो. त्याच्यापर्यंत रक्त पोचवायचं काम उजव्या कप्प्याचंच. म्हणून पंप बसला तरी धाप लागते. त्यात महिनोन्‌महिने पडून राहून मांड्या वाळलेल्या. काकांना खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठताच येत नव्हतं. अडचण इथे होती, आणि व्यायामाने सुधारते तीही हीच. अमेरिकेतल्या रिहॅब-व्हॅड या छोट्या चाचणीत (२०१४, रुग्ण २६) देखरेखीखालच्या १८ सत्रांनंतर पायांची ताकद, ट्रेडमिलवरचा वेळ आणि रोजच्या जगण्याची गुणवत्ता सुधारलेली दिसली.

मग मोजायचं कशाने? बोलण्याने. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. फिजिओथेरपिस्टकडच्या ६ ते २० च्या श्रम-मापनात हे ११ ते १३ मध्ये बसतं. काकूंना काम दिलं ते हेच: सोबत चालायचं आणि गप्पा मारायच्या. काका नुसतं 'हं' म्हणायला लागले की थांबायचं.

सुरुवात व्यायामाच्या केंद्रात झाली, आठवड्यातून तीन दिवस. आधी डॉप्लरने सरासरी दाब, तो ७० ते ९० मध्ये हवा (पंप बसवणाऱ्या केंद्राने वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा). मग कंट्रोलरवरचे, म्हणजे पंप चालवणाऱ्या, बॅगेत बाळगायच्या डबीवरचे, आकडे वहीत. पाच-सात मिनिटं बसून घोटे आणि गुडघे हलवणं. नंतर ३ मिनिटं चालणं, २ मिनिटं बसणं, असं चार वेळा. झेपेल तसं दर खेपेला मिनिट-दोन मिनिटं वाढवत सलग अर्ध्या तासापर्यंत. शेवटची पाच मिनिटं वेग उतरवत न्यायचा. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, पंपाकडे कमी येतं आणि चक्कर येते. याखेरीज खुर्चीतून ८ ते १० वेळा उठणं-बसणं आणि कट्टा धरून टाचा उचलणं. छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण १२ आठवडे, चार-साडेचार किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही. पाण्याची बादली यात येते.

काका सूर्यनमस्काराचा हट्ट धरून होते. त्याला नाही म्हणावं लागलं: पोटावर पालथं झालं की ड्राइव्हलाइन, म्हणजे पंपापासून पोटातून बाहेर कंट्रोलरपर्यंत येणारी वायर, दबते आणि ओढली जाते. श्वास रोखून धरायचा कुंभक आणि कपालभातीही नको, कारण छातीतला दाब वाढला की पंपाकडे येणारं रक्त घटतं. अनुलोम-विलोम कुंभकाशिवाय चालतो.

घरात बिघडतं ते बहुधा साध्या गोष्टींनी. बॅगेचा पट्टा दाराच्या कडीत अडकतो, वायरला हिसका बसतो, पोटावर वायर बाहेर येते ते तोंड दुखावतं आणि तिथे जंतुसंसर्ग शिरतो. म्हणून चालण्याआधी वायर पोटावरच्या पट्टीत पक्की बसवायची, लोंबता वळसा कपड्याच्या आत. दोन्ही बॅटऱ्या एकदम कधीच काढायच्या नाहीत. एक बदलून झाली की मगच दुसरी, तीही बसून. जादा कंट्रोलर आणि भरलेल्या बॅटऱ्या सोबत हव्यातच, मग फेरी गल्लीच्या टोकापर्यंतची का असेना. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असते, म्हणून ओल्या फरशीवर चालणं नको. पडून डोक्याला मार लागला तर टेंगूळ नसलं तरी दवाखाना गाठायचा.

विदर्भाच्या उन्हाळ्याचा वेगळा हिशेब. टाकीतच पाणी नसेल तर मोटार वर काय चढवणार? घाम, जोडीला लघवीची गोळी, अंगातलं पाणी घटलं की प्रवाह मिनिटाला अडीच लिटरच्या खाली जातो आणि कंट्रोलर लाल दिव्यासह ओरडतो. तेव्हा आडवं व्हायचं, जोडण्या तपासायच्या, पंपाच्या समन्वयकाला फोन करायचा. पाणी मनाने वाढवायचं नाही, मनाने तोडायचंही नाही. मर्यादा डॉक्टरांकडून ऋतूप्रमाणे बदलून घ्यायची. बॅटऱ्या ४० अंशांपर्यंतच वापरायच्या असतात, आणि अकोल्यात मे महिन्यात पारा त्यापुढे जातो. फिरणं पहाटे, आणि बॅटऱ्या उन्हातल्या गाडीत ठेवायच्या नाहीत. झोपताना पंप बॅटरीवर नको, भिंतीच्या वीजजोडणीवर हवा. वीज गेली की उठून बॅटऱ्या जोडायच्या.

चक्कर, छातीत दुखणं, शॉक देणारं यंत्र बसवलेलं असल्यास त्याचा झटका, काळपट लघवी, दोन दिवसांत दोन किलो वजन वाढणं: यातलं काहीही झालं तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि फोन आधी.

सहा आठवड्यांनी काका खुर्चीतून हात न टेकता उठू लागले. काकू अजून सोबत चालतात, पण धरत नाहीत. आता काकांना गावाकडच्या विहिरीत पोहायचंय. पंप अंगात आहे तोवर ते होणार नाही. पाण्यात बुडायचंच नाही, टबातसुद्धा. आंघोळही केंद्राने परवानगी दिल्यावर, कंट्रोलर आणि बॅटऱ्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून.