कुत्र्याचं पिल्लू झोपेत धापा टाकतंय?

घाबरू नकोस. पिल्लू झोपेत भराभर श्वास घेतं, मध्येच दोन-तीन सेकंद थांबतं, मग एक मोठा सुस्कारा सोडतं. पंजे थरथरत असतील, मिशा हलत असतील, पापण्यांखाली बुबुळं फिरत असतील तर ती स्वप्नाची झोप. त्या वेळचा श्वास मोजूच नकोस, आकडा हमखास चुकतो. (पहिल्या पिल्लाच्या वेळी मी रात्रभर टॉर्च घेऊन बसलो होतो!)

अंग सैल पडून शांत झोप लागली की मोज. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. ३० सेकंद मोजून दुप्पट कर. मिनिटाला साधारण १५ ते ३५ ठीक. नुकतंच खेळून किंवा उकाड्यात झोपलं असेल तर थोडं जास्त भरेल, अर्ध्या तासाने पुन्हा बघ.

शांत झोपेतही आकडा सतत ४०च्या वर राहिला, श्वासागणिक पोट आत ओढलं जात असेल किंवा मान ताणून तोंडाने श्वास चालला असेल, तर डॉक्टरांना लगेच फोन कर. हिरड्या निळसर किंवा पांढुरक्या दिसल्या तर फोनही नको, थेट उचलून ने. हिरड्या ठीक असतील आणि जमलं, तर आधी मोबाईलवर छोटा व्हिडिओ घे. तपासणीच्या टेबलावर पिल्लू हटकून शहाण्यासारखं वागतं.