वाचकांचे प्रश्न : समुद्रकाठचे गोधडी शिबिर

प्रश्न : मी सॅन होजेला राहते. आमच्या क्विल्टिंग म्हणजे गोधडीकामाच्या गटातील काही मैत्रिणी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पॅसिफिक ग्रोव्हच्या असिलोमार येथे आठवडाभराच्या शिबिराला निघाल्या आहेत आणि मलाही आग्रह करीत आहेत. मला सासूबाईंनी शिकवलेली, जुन्या सुती साड्यांचे थर देऊन हाताने धावदोरा घालायची गोधडी तेवढी येते. मशीनवर मी फारसे शिवलेले नाही. खर्च बराच आहे. माझा तेथे निभाव लागेल का आणि बरोबर काय न्यावे?

उत्तर : निभावाची शंका नको, मात्र पैसे भरण्यापूर्वी वर्ग कोणता आहे, हे नीट पाहा. काही शिबिरांत शिक्षिका नेमून दिलेला विषय शिकवतात, तर काहींत प्रत्येकजण आपले अर्धवट काम आणून एकत्र बसून ते पुढे नेते. मशीनवर तुकडे जोडण्याच्या वर्गात सर्वत्र पाव इंचाची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले कापड, राखावी लागते, आणि प्रत्येक जोडात एक सोळांश इंच कापड जादा गेले, तरी १६ जोडांनंतर पट्टी इंचभर आखूड होते. हा हिशेब हातात बसलेला नसेल, तर निम्मा वेळ शिवण उसवण्यातच जाईल. म्हणून आपण हातशिलाईचा वर्ग निवडावा, किंवा सरळ स्वतःची गोधडी घेऊन बसण्याची मुभा असलेले शिबिर गाठावे.

आपले काम तेथे साधे दिसेल, ही भीतीही बाळगू नये. अलाबामातील जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या होत्या. वापरून मऊ झालेल्या कापडाची किंमत शिबिरातील जाणकार बायकांना आपण समजावून सांगण्याची गरज नाही. टाके मात्र त्या बारकाईने पाहतील, आणि ते चांगलेच आहे.

हाताने शिवलेली मोठी गोधडी आठवड्यात पुरी होत नाही, तेव्हा तो हट्ट घरीच ठेवावा. पाळण्यात घालण्याएवढे दुपटे घ्या. साड्या आधी धुऊन, रंग जातो का ते पाहून, थर घरीच अंथरून कच्चे टाके घालून न्या, कारण एवढे कापड पसरायला तेथे मोकळी जमीन मिळेलच असे नाही. खाऱ्या दमट हवेत सुया व टाचण्या गंजतात आणि गंजाचा डाग सुती कापडावरून सहसा निघत नाही. त्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवाव्यात आणि रात्री कापडात टोचून ठेवू नयेत. धुक्याच्या दिवशी खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली निळा आणि जांभळा दोरा ओळखणे अवघड जाते, म्हणून पांढऱ्या प्रकाशाचा छोटा दिवा हवाच. कॅलिफोर्नियाचा समुद्र म्हणजे अलिबाग नव्हे. तेथे उन्हाळ्यातही स्वेटर लागतो.

दिवसभर मान खाली घालून बसणे अंगावर येते, त्यामुळे तासाभराने उठून वाळूवर फेरी मारावी. असिलोमारच्या जुन्या इमारती ज्युलिया मॉर्गन या वास्तुरचनाकार बाईंनी १९१३ पासून वाय.डब्ल्यू.सी.ए. या ख्रिस्ती महिला संघटनेसाठी उभारल्या, त्याही त्या निमित्ताने पाहून होतील.

खर्चाबाबत, सांगितलेल्या रकमेत राहणे, जेवण आणि शिक्षिकेचे शुल्क तिन्ही धरले आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. शाकाहारी असाल तर तेही त्याच पत्रात कळवावे.