सिनेमात मला दरोडेखोरांना फितूर दाखवलंय, काय करता येईल?

प्रश्न : मी नागपुरातल्या एका बँकेच्या शाखेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालो. तीसेक वर्षांपूर्वी आमच्या शाखेवर दरोडा पडला होता. पोलिसांनी माझीही चौकशी केली, बँकेने निलंबित केलं, नंतर कामावर परत घेतलं. कोर्टात मी सरकारतर्फे साक्षीदार होतो. दरोडेखोरांना शिक्षा झाली. गेल्या दिवाळीत त्या दरोड्यावरून ‘प्रेरित’ सिनेमा ओटीटीवर आला. नावं बदलली आहेत, पण त्यातला कॅशियर माझ्यासारखाच लुनावर येतो, त्याच्या डाव्या हातावर माझ्यासारखाच कोडाचा डाग आहे आणि तोच हात साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा उमटवून दरोडेखोरांना देताना दाखवलाय. शूटिंगच्या आधी दोन मुलं घरी आली होती. गप्पा मारल्या, शाल-श्रीफळ आणि अकरा हजारांचा चेक दिला, कशावर तरी सही घेतली. आता आमच्या महाल भागात लोक तोंडावर विचारतात, ‘काकाजी, आपला वाटा कुठं पुरला?’ पोलीस ठाण्यात गेलो तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून हातात दिली. सेन्सॉरने हे पास कसं केलं? ‘ब्लॅक फ्रायडे’ कोर्टाने थांबवला होता, तसा हा बंद पाडता येईल का? पाच कोटींचा दावा टाकू का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : काकाजी, ‘कशावर तरी सही घेतली’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण समोरच्या वकिलाचा सगळा जोर त्यावरच असणार आहे. तिकडे वळतोच. त्याआधी तारखेचं बघू, कारण तिथे चूक झाली तर बाकी सगळं व्यर्थ.

अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्याला लिमिटेशन अ‍ॅक्ट, १९६३ च्या अनुच्छेद ७५ प्रमाणे एकच वर्ष मिळतं, तेही मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून. तुम्ही ‘गेल्या दिवाळीत’ म्हणता. दिवाळी तिथीने येते, मुदत इंग्रजी तारखेने संपते. यंदाची दिवाळी उशिरा असेल तर लक्ष्मीपूजनाच्या आधीच तुमचा दावा बाद झालेला असेल. सिनेमा रोज कुणीतरी पाहतंय, म्हणजे रोज नवी बदनामी, म्हणजे मुदत संपतच नाही, असं तुम्हाला कुणीतरी कट्ट्यावर सांगेल. इंटरनेटवरच्या मजकुराबाबत हा युक्तिवाद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाकारला आहे. नागपूरचं कोर्ट वेगळा विचार करेलही, पण त्या आशेवर कशाला बसायचं? प्रदर्शनाची नेमकी तारीख आजच शोधून लिहून ठेवा.

आता सिनेमा बंद पाडण्याबद्दल. तो विचार सोडा. दरोडा तुमच्या शाखेवर पडला, पण तो तुमच्या मालकीचा नाही. आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कोर्टाच्या कागदपत्रांसह सार्वजनिक अभिलेखात जे आलेलं आहे, त्यावर लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. तिथे फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचं आत्मचरित्र एका तमिळ नियतकालिकाला छापायचं होतं आणि अधिकाऱ्यांना ते नको होतं. पण याच निकालाची दुसरी बाजू तुमच्या कामाची आहे : अभिलेखाच्या पलीकडे जाऊन कुणाचं आयुष्य रंगवलं, तर त्याच्या परिणामांना लिहिणारा जबाबदार. म्हणजे दरोडा, पोलिसांनी तुम्हाला बसवून ठेवणं, एवढंच काय तुमचं निलंबनही त्यांनी दाखवलं, तर त्यावर भांडू नका. ते खरं आहे, आणि दिवाणी दाव्यात खरं असणं हाच पुरेसा बचाव असतो. तुमचं भांडण फक्त साबणाच्या वडीशी आहे.

‘ब्लॅक फ्रायडे’ची गोष्ट वेगळी होती. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला तेव्हा टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या कोर्टात सुरूच होता. आरोपींना निःपक्षपाती सुनावणी मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो रोखला आणि खटल्याचे निकाल लागल्यावर २००७ मध्ये तो पडद्यावर आला. तुमच्या दरोड्याचा निकाल कधीच लागलाय. शिवाय खटला चालण्याआधीच मजकुरावर बंदी घालायची ती अगदी अपवादात्मक परिस्थितीत, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात पुन्हा बजावलंय. सेन्सॉरचं म्हणाल तर ओटीटीवरच्या सिनेमाला ते प्रमाणपत्र लागतच नाही.

नाव बदललं म्हणून ते सुटतात का? हा प्रश्न जगभर झालाय आणि उत्तरं दोन प्रकारची आली आहेत. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक बँक लुटण्याचा प्रयत्न झाला, त्यावर १९७५ मध्ये ‘डॉग डे आफ्टरनून’ निघाला. लुटारूच्या बायकोने मुलांसह खासगीपणाच्या भंगाचा दावा लावला आणि ती हरली, कारण न्यूयॉर्कच्या त्या कायद्याला नाव किंवा छबी वापरलेली लागते आणि सिनेमात दोन्ही नव्हतं. उलट लंडनमध्ये १९३४ साली रशियाच्या राजकन्या इरिना युसुपोव्ह यांनी झारच्या दरबारातल्या रासपुतिन या साधूवरच्या सिनेमाबद्दल एमजीएम कंपनीला कोर्टात खेचलं. पात्राचं नाव नताशा होतं, तरी ओळखणाऱ्यांनी ओळखलं, आणि कंपनीला २५,००० पौंड मोजावे लागले. ‘सर्व पात्रं काल्पनिक आहेत’ ही पाटी सिनेमांच्या सुरुवातीला रुळली ती या खटल्यानंतर. फरक लक्षात घ्या, पहिला दावा खासगीपणाचा होता, दुसरा अब्रुनुकसानीचा. आपली कोर्टं अब्रुनुकसानीत इंग्लंडच्याच वळणाने जातात : तुम्हाला ओळखणाऱ्या समंजस माणसाला ते पात्र म्हणजे तुम्हीच असं वाटलं का? ‘सत्य घटनेवरून प्रेरित’ असं पोस्टरवर मिरवायचं आणि आत काल्पनिक पात्रांची पाटी लावायची, ही दुटप्पी सोय न्यायाधीशांना दाखवून द्यायला कोणाही वकिलाला आवडेल.

लुना तेव्हा निम्म्या नागपूरकडे होती, ती विसरा. हातावरचा डाग मात्र तुमचाच, आणि त्यांची मुलं तुमच्या घरी येऊन तो बघून गेलेली. वाट्याबद्दल विचारणाऱ्यांवर चिडू नका. त्यातले दोन-तीन जण साक्षीला उभे राहतील का ते बघा. जुने सहकारी असतील तर आणखी उत्तम. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी काही पाठवलं असेल तर फोन बदलू नका, तो मेसेज पुराव्यात द्यायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तो प्रसंग किती मिनिटाला सुरू होतो ते टिपून स्क्रीनवरून रेकॉर्ड करून ठेवा. नोटीस गेल्यावर कंपनीने तेवढंच दृश्य गुपचूप कापलं, तर तुमच्या हाती काहीच उरणार नाही.

आता एक गोष्ट तुम्ही मला नव्हे, मी तुम्हाला आठवण करून देतो. बँकेची स्ट्राँगरूम एका किल्लीने उघडतच नाही. एक किल्ली कॅशियरकडे, दुसरी मॅनेजर किंवा अकाउंटंटकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार हलत नाही. म्हणजे एकट्या कॅशियरच्या ठशावर दरोडा घालता येतो ही कथाच तांत्रिकदृष्ट्या फोल आहे. लिहिणाऱ्याने कुठल्याही बँकवाल्याला विचारलं असतं तर कळलं असतं. बेफिकिरी सिद्ध करायला हा मुद्दा कामी येतो, तो दाव्यात ठळकपणे घ्या.

सहीबद्दल. तो कागद बहुधा ‘रिलीज’ असणार : आमची हरकत नाही, कथेच्या गरजेनुसार बदल करता येतील, पुढे दावा करणार नाही, वगैरे. न वाचता सही केली हा आपल्याकडे बचाव होत नाही. मुलांनी खोटं सांगून सही घेतली असेल, समजा ‘काकाजी, तुम्हाला हिरो दाखवणार’ असं म्हणून, तर करार कायद्याच्या कलम १९ खाली संमती रद्द करायला जागा आहे. पण चुकीची माहिती दिली एवढंच म्हणणं असेल तर कोर्ट उलट विचारेल की साधी काळजी घेतली असती तर तुम्हाला खरं कळलं नसतं का. सगळं अवलंबून आहे त्या कागदाच्या शब्दांवर. हरकत नसणं आणि खोटा गुन्हा माथी मारायला परवानगी देणं, यात अंतर आहे. नोटिशीतच त्याची प्रत मागा. पासबुकात त्या चेकची नोंद शोधा, त्यावरून पैसे नेमके कोणी दिले तेही कळेल.

पोलिसांनी एनसी लिहिली त्यात त्यांची चूक नाही. बदनामी अदखलपात्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली खासगी तक्रार मॅजिस्ट्रेटपुढे तुम्हालाच करावी लागेल. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा समाजसेवा, आणि मुदत तीन वर्षं. नव्या प्रक्रियेत दखल घेण्याआधीच समोरच्याला म्हणणं मांडायची संधी मिळते, त्यामुळे तारखा वाढतात. तुमच्या वयाला मी आधी दिवाणी दावाच सुचवेन. कंपनी अंधेरीत असली तरी बदनामी नागपुरात झाली, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ प्रमाणे तो सिव्हिल लाइन्सच्याच कोर्टात लावता येतो. पाच कोटी मागाल तर कोर्ट फी त्या रकमेच्या हिशेबात भरावी लागते, आणि आकडा पाहून न्यायाधीशांना तुमची अब्रू नव्हे, पैसा दिसतो. झेपेल तेवढी रक्कम मागा. खरा भर दृश्य काढण्यावर किंवा बदलण्यावर आणि जाहीर खुलाशावर ठेवा. बहुतेक कंपन्या वाटाघाटीला बसतात त्या इथेच.

दाव्याआधी दोन कागद हातात हवेत. एक, सेशन कोर्टाच्या निकालाची प्रमाणित नक्कल. त्यात तुमच्या साक्षीवर विश्वास ठेवल्याचा परिच्छेद असेल तर त्याला पेन्सिलने खूण करा. आरोपींनी अपील केलं असेल तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा निकालही काढा. दोन, निलंबन मागे घेतल्याचा बँकेचा आदेश. ‘परत घेतलं’ हे तोंडी चालत नाही. थकलेला पगार दिल्याची नोंद असेल तर सोन्याहून पिवळं. निकालाची नक्कल मिळायला वेळ लागतो, जुनी फाइल शोधायची असते. अर्ज या आठवड्यात टाका.

आणि तुमच्या नातवाने फेसबुकवर दिग्दर्शकाला ‘खंडणीखोर’ म्हटल्याचं तुम्ही तळटीपेत लिहिलंय. ती पोस्ट आधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि मग आजच काढायला सांगा, नाहीतर बदनामीची पहिली नोटीस तुमच्याच घरी येईल.