अमेरिकेत दोघांसाठी पहिला ट्रेलर: ट्रॅव्हल ट्रेलर घ्यावा की फिफ्थ व्हील?

हाताशी हाफ-टन पिकअप (मागे उघडा हौदा असलेला, हलक्या वर्गातला ट्रक) असेल तर २२ ते २५ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीच्या मागे जोडून ओढायचं फिरतं घर) घ्या, फिफ्थ व्हीलच्या (ज्याचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यात टेकतो अशा ट्रेलरच्या) मागे लागू नका. खरा प्रश्न वजनाचा आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावरचा पेलोडचा, म्हणजे गाडी स्वतःवर किती भार पेलू शकते त्याचा, आकडा आधी वाचा. १०,००० पौंडी फिफ्थ व्हीलचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे २,००० पौंड, थेट पिकअपच्या हौद्यावर येतो. तुम्ही दोघं, सामान आणि हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) वेगळंच. ट्रॅव्हल ट्रेलरचा गाडीवर येणारा भार त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. हिशेब रिकाम्या वजनावर नको, जीव्हीडब्ल्यूआरवर, म्हणजे ट्रेलरच्या सामानासकट कमाल मंजूर वजनावर करा. मात्र वर्षभर त्यातच राहायचं असेल आणि वन-टन (जास्त भार पेलणारा) ट्रक असेल, तर फिफ्थ व्हीलच बरं: हायवेवर कमी डुलतं आणि आत उंचीही भरपूर मिळते.