एक सुट्टी, एक डबा, हाफ तिकीट : सोलापूरकरांच्या सहलींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो. मी विड्या वळते, मालक यंत्रमागावर आहेत. त्यांना आठवड्यात एकच सुट्टी. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची, सासूबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या. मागं एकदा पिक्चर आणि बाहेरचं खाणं केलं, त्यात आठवड्याची मजुरी गेली. मुलं सारखी 'कुठंतरी जाऊ' म्हणतात. पाच माणसं कमी पैशांत कुठं जाऊन येतील?

उत्तर : ताई, आधी तिकिटाचा हिशोब मांडू. एस.टी.त तुमचं तिकीट अर्धं. दोन्ही मुलं पाच ते बारा वर्षांमधली, म्हणून त्यांचंही अर्धं. सासूबाईंनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, त्यांना राज्यात कुठंही फुकट. पाच माणसांत पूर्ण तिकीट एकट्या तुमच्या मालकांचं. सासूबाईंचं आधार कार्ड आठवणीनं पिशवीत ठेवा. बस सुटायच्या वेळी कार्ड घरी राहिलं म्हणून म्हाताऱ्या माणसांना पैसे भरावे लागलेले मी नोकरीत फार पाहिले आहेत, आणि तिकीट फाडताना वाहकालाही ते बरं वाटत नाही.

मी एस.टी.त वाहक होते म्हणून हे जवळून माहीत आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि त्यानंतर अक्कलकोटच्या गाडीत गुरुवारी कोण चढतं ते बदललं. आधी घरच्या पुरुषाच्या मागं चढणाऱ्या बाया आता चौघीपाचजणी मिळून येऊ लागल्या, पैसे स्वतःच्या बटव्यातून काढू लागल्या. मला या सवलतीचं मोल फार वाटतं. तुम्हीही ती पुरेपूर वापरा.

आता जागा. पावसाळा चांगला झाला असेल तर नळदुर्ग. हैदराबाद रस्त्यावर, इथून साधारण ४५ किलोमीटर. उमरग्याकडं जाणाऱ्या गाड्या तिथूनच जातात, त्यामुळं गाडीची फार वाट बघावी लागत नाही. किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. आदिलशाहीत, दुसऱ्या इब्राहिमाच्या काळात हे काम झालं. बंधारा भरून वाहू लागला की दोन धारा कोसळतात, त्यांना नर आणि मादी म्हणतात. महालाच्या खिडकीत उभं राहिलं की समोरून पाणी पडत असतं आणि आतला माणूस कोरडाच राहतो. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला तिथून हलवणं अवघड जाईल.

पण हे सारं नदीला पाणी असेल तेव्हाच. जूनच्या पहिल्या पावसात जाऊ नका, तेव्हा बंधारा भरलेला नसतो. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये, आणि त्याच भागातल्या कोणाला तरी फोन करून 'धबधबा चालू आहे का' एवढं विचारूनच निघा. सोलापूरच्या आसपास फिरायचं तर वेळ साधावी लागते. इथली प्रत्येक जागा वर्षातले ठराविक महिने आणि दिवसातले ठराविक तास सुंदर असते. ते तास चुकले की माणूस वैतागतो, मग मुलांना शांत करायला थंडगार बाटल्या आणि पाकिटं घेतो, आणि पैसे जातात ते तिथं. सासूबाईंना उपळ्या बुरुजावर चढवू नका, पायऱ्या उंच आहेत. त्यांना खाली सावलीत बसवा आणि दोघांनी आळीपाळीनं मुलांना वर न्या.

डब्याला कडक भाकरी, शेंगा चटणी, कांदा. कडक भाकरी उन्हात खराब होत नाही, पिशवीत दबली तरी चालते. दही मात्र नेऊ नका, हिंदकळतं. धपाटे केलेत तर मुलं चालता चालता खातील.

नळदुर्ग वर्षातून एकदा होईल. बाकीच्या सुट्ट्यांना गावातच अर्धा दिवस काढा. दुपारी चारला भुईकोट किल्ल्यात जा. हा किल्ला पुरातत्त्व खात्याकडं आहे, तिकीट थोडंसं, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. दुहेरी तटबंदी आहे, आत जुन्या देवळाचे कोरीव खांब आहेत, आणि तटावरून सिद्धेश्वर तलाव दिसतो. ऊन उतरलं की बाहेर येऊन सिद्धेश्वरांचं दर्शन घ्या, सासूबाईंचा जीव तिथं रमेल. अंधार पडताना पार्क चौपाटी. तिथं एकच पदार्थ, सगळ्यांनी वाटून, असं घरूनच ठरवून निघा. घरून ठरवलेलं मुलं ऐकतात, गाड्यासमोर उभं राहून सांगितलेलं ऐकत नाहीत.

प्रश्न : मी लग्नानंतर पुण्यात असते. मे महिन्यात मुलांना घेऊन पंधरा दिवस माहेरी येणार आहे. सोलापुरात मुलांना दिवसभर काय दाखवू?

उत्तर : मे महिन्यात 'दिवसभर' विसरा. पारा बेचाळीसच्या वर जातो, अकरानंतर मुलांना घराबाहेर काढू नका. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर एवढंच तुमचं. सकाळी कंबर तलावाला चक्कर, म्हणजे आताचा धर्मवीर संभाजी तलाव. एखादा दिवस केगावच्या विज्ञान केंद्रासाठी ठेवा. तिथली उपकरणं मुलांना हातानं चालवून बघता येतात. दुपार आजीकडं, कूलरसमोर, पत्त्यांत जाऊ दे.

विजापूरचा गोल घुमट दाखवायची इच्छा सगळ्यांना असते. तो दिवाळीच्या सुट्टीत दाखवा. होटगीवरून रेल्वेनं जाता येतं आणि पॅसेंजरचं तिकीट खिशाला परवडतं. एस.टी.नं गेलात तर बायकांची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच मिळते, पुढचे पूर्ण पैसे पडतात. घुमटातल्या सज्जात सकाळी लवकर पोचा. गर्दी झाली की सगळेच ओरडतात आणि भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडं ऐकू येण्याची मजा राहत नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्र, जुळे सोलापुरात राहतो, कॉलेजला आहोत. दोन मोटारसायकली आहेत. सुट्टीत सगळे म्हणतात सोलापुरात बघण्यासारखं काही नाही, पुण्याला किंवा महाबळेश्वरला जाऊ. खिशात पेट्रोलपुरतेच पैसे असतात. काही सुचवाल का?

उत्तर : सुचवते, आणि मनापासून सुचवते, कारण 'सोलापुरात काही नाही' हे वाक्य मला टोचतं. हत्तरसंग कुडलला गेला आहात? विजापूर रस्त्यानं दक्षिणेला, साधारण ४० किलोमीटर. भीमा आणि सीना तिथं मिळतात. संगमावर संगमेश्वराचं आणि हरिहरेश्वराचं अशी दोन जुनी देवळं आहेत. हरिहरेश्वराचं देऊळ कित्येक शतकं मातीखाली होतं. ते मोकळं केल्यावर एक शिवलिंग सापडलं. त्याच्या अंगावर ओळीनं मुखं कोरलेली आहेत, शेकडो. प्रत्येक मुद्रा निराळी. जवळ बसून, बोट न लावता, एकेक बघा. पुढचा मंडप वरून गोल उघडा आहे, खांबांच्या मधे उभं राहिलं की डोक्यावर आभाळ.

संगमेश्वराच्या देवळात एक शिलालेख आहे, शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो धरला जातो. त्यात म्हटलं आहे, 'वाछि तो विजेया होईवा', जो वाचेल तो विजयी होईल. आपल्याच गावचे आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला. गावोगाव हिंडून दगडांवरची अक्षरं वाचण्यात त्यांनी आयुष्य घातलं. तुम्ही चौघं मराठीत शिकलात, मराठीत भांडता, मग हजार वर्षांपूर्वीची तुमची भाषा चाळीस किलोमीटरवर आहे ती एकदा डोळ्यांनी बघून या.

डिसेंबर-जानेवारीत जा. पावसाळ्यात उजनीतून पाणी सोडलं असेल तर संगमाच्या पात्रात उतरू नका, पोहता येत असलं तरी नाही. खायला तिथं फारसं काही मिळत नाही, डबा न्या आणि कागद-पिशव्या परत आणा.

दुसरी जागा नान्नज. बार्शी रस्त्यावर, वीसेक किलोमीटर. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. माळढोक दिसेल ही आशा ठेवून जाऊ नका, तो इथून जवळजवळ संपला आहे, आणि याचं दुःख आपण सगळ्यांनी करायला हवं. पण काळवीट दिसतात, कळपानं. नशीब असेल तर लांडगा. वनखात्याची परवानगी घेऊन, उजाडता उजाडता पोचायचं. मोटारसायकल माळावर घालायची नाही, ठरवून दिलेल्या वाटेनंच जायचं. मोबाईलवर गाणी नकोत. पाऊस झाल्यावर ते गवत कमरेला लागतं आणि चंडोल डोक्यावर गात असतात. नुसता माळ बघायला काय जायचं, असं म्हणणाऱ्या मित्राला मुद्दाम बरोबर न्या.

एवढंही लांब नको असेल तर हिप्परग्याचा तलाव. १८७१मध्ये बांधून झाला. थंडीत पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून तिथं उतरतात. एखाद्याकडं दुर्बीण असेल तर मागून घ्या.

प्रश्न : हुरडा पार्टीचे माणशी दर ऐकून धसका घेतला. पूर्वी हुरडा कधी विकत खाल्ला नव्हता. घरच्यांना हुरडा खाऊ घालायचा आहे, पण एवढे पैसे देणं पटत नाही.

उत्तर : शेतात व्यवस्थित सोय करणाऱ्यांचा खर्च होतो, ते पैसे घेतात यात गैर नाही. पण तुम्हाला झोपाळे आणि बैलगाडी नको असेल, नुसता हुरडाच हवा असेल, तर ओळखीच्या शेतकऱ्याला नोव्हेंबरातच बोलून ठेवा. सोलापुरात ज्याचं कोणीच खेड्यावर नाही असं घर सापडणं कठीण. कामावरचा सहकारी, दूधवाला, मुलाच्या वर्गातल्या मित्राचे वडील, कोणीतरी असतंच. त्यांना सांगा, कणसांचे पैसे आम्ही देऊ आणि भाजायलाही आमची माणसं येतील. सगळा भार त्यांच्या घरातल्या बाईवर पडतो म्हणून शेतकरी नाही म्हणतो. तिला त्या दिवशी चुलीपाशी उभं राहावं लागणार नाही, हे आधी सांगितलं की होकार येतो.

ज्वारी सुरती किंवा गूळभेंडी जातीची असेल तर उत्तम. कणीस दुधात असतानाच चव लागते, आठ दिवस पुढं गेलं की दाणा कडक होतो. म्हणून तारीख तुम्ही ठरवू नका, ज्याचं रान आहे त्याला ठरवू द्या. तो म्हणेल 'परवा या', तर परवाच जा. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, भाजलेलं कणीस हातावर चोळायचं, चटका बसतो. चोळणाऱ्याला आधी खायला द्या. बरोबर शेंगा चटणी, गूळ, दही, बोरं आणि ऊस. एवढ्यात पोट भरतं.

आणि वेळ अमावस्येचं बोलावणं आलं तर ते कधी टाळू नका. मार्गशीर्षातली अमावस्या. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि पुढं धाराशिव-लातूरकडं त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे रानात असतात. कडब्याची खोप करून पूजा होते. ज्यांना स्वतःचं शेत नाही त्यांना आग्रहानं बोलावलं जातं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. पैसे देण्याचा प्रश्नच येत नाही, दिलेत तर त्यांना वाईट वाटेल. पोरांसाठी खाऊ आणि बाईसाठी फुलं न्या. जाताना मोकळा डबाही न्या, तो भरून परत येणार हे ठरलेलं.

प्रश्न : आम्ही दोघंच, निवृत्त. गुडघे दुखतात, प्रवास नको. मुलं परदेशी आहेत. संध्याकाळ खायला उठते. गावातल्या गावात काही?

उत्तर : काका, काकूंना घेऊन आधी भैय्या चौकाजवळच्या डॉ. कोटणीस स्मारकात जा. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथंच गेले. त्यांचं घर जपून ठेवलं आहे. परदेशी गेलेल्या मुलाचं घर तुम्ही दोघं जसं बघाल तसं दुसरं कोणी बघणार नाही.

हुतात्मा स्मृती मंदिरातल्या कार्यक्रमांच्या जाहिराती पेपरात येतात, त्या कापून फ्रीजवर लावा. व्याख्यानं आणि गाण्याच्या मैफली बऱ्याचदा विनामूल्य असतात. जमिनीवर बसायची वेळ येऊ नये म्हणून अर्धा तास आधी पोचा आणि कडेची खुर्ची धरा.

नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. ओळखीच्या पद्मशाली घराच्या गच्चीवर किंवा ओट्यावर जागा मागा, तेलुगू घरातला पाहुणचार अनुभवाल. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, गुडघेदुखीच्या माणसाला झेपत नाही, गर्दी फार असते. त्याऐवजी सातही नंदीध्वज ज्या रस्त्यानं येतात तिथल्या एखाद्या ओळखीच्या दुकानात दुपारीच खुर्च्या टाकायला सांगा. 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' हा गजर आणि डोलत येणाऱ्या त्या उंच काठ्या तिथूनही नीट दिसतात, ऐकू येतात. होम मैदानावरचे पाळणे बघायचे असतील तर सकाळी जा. रात्री तिथं धूळ फार असते, काकूंना खोकला असेल तर सोसणार नाही.