अनेक पात्यांचा रेझर सोडून जुन्या दुधारी पात्याच्या रेझरकडे वळावे का?

दाढीनंतर मानेवर पुरळ येत असेल, तर जरूर वळावे. अनेक पात्यांचा रेझर केस ओढून त्वचेच्या पातळीखाली कापतो आणि तो केस वाढताना आतच वळला की पुरळ उठते. एका पात्याने ही शक्यता कमी होते. मात्र हाताची सवय बदलावी लागते: पाते त्वचेशी सुमारे ३० अंशांच्या कोनात ठेवावे, रेझरचे वजनच पुरेसे असल्याने दाब देऊ नये आणि पहिली फेरी केसांच्या वाढीच्या दिशेनेच घ्यावी. त्याआधी कोमट पाण्याने दाढी दोन-तीन मिनिटे भिजवून ब्रशने दाट फेस करावा. माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. उघडा वस्तरा मात्र पुरेसा सराव झाल्यावरच हाती घ्यावा.